व्हिगरस: एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ, मूळ आणि वापर, पायरीपायरीने

मागे एका आरोग्यविषयक माहितीपत्रकाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं होतं, त्यात ‘व्हिगरस ॲक्टिव्हिटी’ हे शब्द पाच-सहा ठिकाणी होते आणि मी सगळीकडे ‘कठोर व्यायाम’ असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी वाचलं तेव्हा ते खटकलं. कठोर म्हणजे कडक, निष्ठुर, शिक्षेसारखं काहीतरी, आणि मूळ इंग्रजी शब्दात तसं काहीच नाही, उलट तो शब्द चांगला रसरशीत आहे. मग ‘जोरदार व्यायाम’ करून बघितलं, तेही बसेना. शेवटी या शब्दाच्या मागेच लागले, डिक्शनऱ्या बघितल्या, लॅटिन बघितलं, संस्कृतपर्यंत गेले, आणि तिथे जे सापडलं त्याने हा शब्द कायमचा डोक्यात बसला. तोच रस्ता इथे पायरीपायरीने लिहितेय. ज्यांना इंग्रजी लिहावं लागतं, भाषांतर करावं लागतं, किंवा नुसतंच शब्दांचं वेड आहे त्यांच्यासाठी.

आधीच सांगून ठेवते, डिक्शनरीत या शब्दाचा अर्थ ‘स्ट्राँग अँड एनर्जेटिक’ असा काहीतरी दिलेला असतो. तो चूक नाही पण त्याने काम भागत नाही, कारण स्ट्राँग वेगळा, एनर्जेटिक वेगळा आणि व्हिगरस तिसराच. तो वेगळा का, हे त्याच्या मुळाशी गेल्यावरच कळतं, आणि मुळाशी जे आहे ते ताकद नाही, जाग आहे.

पायरी १: उच्चार आणि स्पेलिंग

हे पटकन उरकू. उच्चार तीन तुकड्यांत, व्हि-ग-रस, आणि जोर पहिल्या तुकड्यावर. आपण बरेचदा सगळे तुकडे सारख्याच वजनाने म्हणतो, किंवा ‘गो’ वर जोर देऊन ‘व्हिगोरस’ म्हणतो कारण स्पेलिंगमध्ये जी नंतर ओ दिसतो. तो ओ जवळजवळ गिळायचा असतो. पहिला ‘व्ह’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवायचे, दोन्ही ओठ गोल करून ‘व’ म्हटलं की तो डब्ल्यूसारखा ऐकू येतो.

स्पेलिंगमध्ये एक खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले पडतात. या विशेषणाचं नाम ‘व्हिगर’, ते ब्रिटिश पद्धतीने लिहिताना शेवटी ओ-यू-आर लिहितात, अमेरिकन पद्धतीत नुसतं ओ-आर. म्हणून लोकांना वाटतं की ब्रिटिश पद्धतीत विशेषणातही तो यू हवा. नाही! विशेषण दोन्हीकडे सारखंच, व्ही-आय-जी-ओ-आर-ओ-यू-एस, मधे यू नाही, जो यू आहे तो शेवटच्या ‘अस’ मधला. ह्यूमरचं ह्यूमरस होताना, ग्लॅमरचं ग्लॅमरस होताना पण मधला यू असाच गळतो. कारण ‘अस’, ‘एट’ असे लॅटिन घराण्यातले प्रत्यय लागले की शब्दाचं स्पेलिंग सहसा लॅटिन वळणावर जातं. ‘फुल’ सारखा देशी इंग्रजी प्रत्यय लागला तर यू टिकतो, म्हणून ब्रिटिश स्पेलिंगमध्ये कलरफुलमध्ये यू असतो आणि व्हिगरसमध्ये नसतो. क्रियापद इनव्हिगरेट, म्हणजे तरतरी आणणं, त्यातही यू नाही.

पायरी २: मराठीतला एकच शब्द मनात धरा, जोम

मला विचाराल तर या इंग्रजी शब्दाला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘जोम’ आहे. बळ नाही, शक्ती नाही, जोर पण नाही. आपण ‘जोम’ कुठे वापरतो ते जरा आठवून बघा. रोपं जोमाने वाढतात. माणसं जोमाने कामाला लागतात. आजारातून उठलेला माणूस पुन्हा जोमाने उभा राहतो. पण भिंत जोमदार आहे असं कुणी म्हणत नाही, दोरी जोमदार आहे असंही म्हणत नाही. भिंत भक्कम असते, दोरी मजबूत असते. जोम त्यालाच असतो ज्याच्यात जीव आहे किंवा ज्याच्यात काहीतरी चाललंय, हालचाल आहे, वाढ आहे.

इंग्रजीतही तसंच आहे. भिंतीला स्ट्राँग म्हणता येतं, व्हिगरस म्हणता येत नाही. चहा, वास, दोर, पूल, पुरावा, हे सगळे स्ट्राँग असू शकतात पण व्हिगरस नाहीत. याउलट व्यायाम, वाढ, चर्चा, प्रचार, विरोध, बचाव, उकळी, मान डोलावणं हे सगळं व्हिगरस असू शकतं, कारण या सगळ्या क्रिया आहेत. म्हणजे पहिली कसोटी अशी, की ज्याच्याबद्दल बोलताय ती गोष्ट नुसती आहे की काही करतेय? नुसती असेल तर हा शब्द सहसा बसणार नाही.

यातला एक बारीक फरक मला फार आवडतो. ‘स्ट्राँग आर्ग्युमेंट’ आणि ‘व्हिगरस आर्ग्युमेंट’. पहिल्यात मुद्दा पक्का आहे, खोडून काढणं अवघड आहे, भले तो अगदी हळू आवाजात मांडलेला असो. दुसऱ्यात दोन माणसं हिरीरीने भांडतायत, मुद्दे कदाचित पोकळही असतील. पहिल्याने निकाल लागतो, दुसऱ्याने खोली दणाणते.

दुसरी कसोटी, आणि ही जास्त नाजूक आहे, की या शब्दात राग किंवा नासधूस नसते. त्या बाजूला गेलं की ‘व्हायोलंट’ सुरू होतो. केमिस्ट्रीच्या पुस्तकांत हा फरक चांगला पाळलेला दिसतो. लिथियम पाण्यात टाकलं तर नुसते बुडबुडे येत राहतात, सोडियम टाकलं तर ते वितळून त्याची गोळी होते आणि ती पाण्यावर फसफस करत इकडून तिकडे पळत सुटते, पोटॅशियम टाकलं तर निघणारा हायड्रोजन लगेच पेट घेतो आणि जांभळट ज्योत दिसते. सोडियमसाठी व्हिगरस, आणि त्याच्या पुढे पुढे जाल तसा व्हायोलंट, अशी चढण असते. जोम म्हणजे ताकद आहे पण ती सुटलेली नाही, अजून कामात लागलेली आहे.

पायरी ३: मुळाकडे जाऊ, आधी लॅटिन

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर पुढची काही शतकं दरबार, कायदा, सैन्य सगळीकडे फ्रेंच चालायची आणि तिथून शब्दांचा लोंढाच इंग्रजीत आला, त्या लोंढ्यात १३००च्या आसपास ‘व्हिगर’ आणि त्याचं विशेषण दोन्ही आत आले. फ्रेंचने ते लॅटिनमधून घेतलेले. लॅटिनमध्ये क्रियापद आहे ‘विगेरे’, म्हणजे जोमात असणं, बहरात असणं, ताजंतवानं असणं. (लॅटिनमधला व्ही जुन्या काळी आपल्या ‘व’ सारखा म्हणायचे, म्हणून इथे तसं लिहितेय.) त्या क्रियापदापासून नाम ‘विगोर’.

इथे जरा थांबा कारण हा साचा कळला की दहा शब्द एकदम कळतात. लॅटिनमध्ये ‘एरे’ ने संपणाऱ्या बऱ्याच क्रियापदांपासून ‘ओर’ ने संपणारं नाम होतं आणि ते नाम एका अवस्थेचं नाव असतं. थरथरणे पासून ट्रेमर. घाबरवणे पासून टेरर. अंगावर काटा येणे पासून हॉरर, अक्षरशः केस ताठ उभे राहणे असा त्या क्रियापदाचा अर्थ. उकळणे पासून फर्व्हर. बधिर होणे पासून टॉर्पर. व्हिगर याच रांगेतला आहे. म्हणजे तो मोजायची वस्तू नाही, इतके किलो ताकद असा हिशेब नाही, ती एक अवस्था आहे, अंगात असलेली. आणि शेवटचा ‘अस’ हा लॅटिनच्या ‘ओसुस’ चा वंशज, अर्थ ‘ने भरलेला’. फेम ने भरलेला फेमस, डेंजर ने भरलेला डेंजरस, तसा जोमाने भरलेला तो व्हिगरस.

आता याच क्रियापदाचा सख्खा नातेवाईक म्हणजे लॅटिन ‘विगिल’, अर्थ जागा असलेला, सावध. इथून व्हिजिल म्हणजे जागरण, व्हिजिलंट म्हणजे दक्ष, परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारणारा इनव्हिजिलेटर, आणि फ्रेंचमधून फिरून आलेला सर्व्हेलन्स, म्हणजे वरून जागता पहारा. सैन्यात सकाळी उठवायला जे बिगुल वाजतं त्याला इंग्रजीत ‘रेव्हली’ म्हणतात, तो फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘उठा, जागे व्हा’. रोमन लोक रात्रीचे चार प्रहर करायचे, प्रत्येक प्रहराला ‘विगिलिया’ म्हणायचे, जेवढा वेळ एक पहारेकरी जागायचा तेवढा. आणि रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये रोम शहरासाठी आग विझवणारं आणि रात्री गस्त घालणारं जे दल उभं केलं त्याचं नावच ‘विगिलेस’, जागणारे. सात तुकड्या होत्या, शहराचे चौदा भाग होते, एका तुकडीकडे दोन भाग.

एकीकडे जोम, दुसरीकडे जागरण, आणि दोन्ही एकाच घरातले. ज्या लोकांनी हे शब्द घडवले त्यांच्या मनात जिवंतपणाची खूण ‘तो जागा आहे’ ही होती. माझ्या माहितीपत्रकातला ‘कठोर’ का खटकत होता ते मला इथे कळलं.

पायरी ४: आणखी खोल, आणि इथे आपली ओळख निघते

युरोपातल्या बहुतेक भाषा आणि संस्कृत एका जुन्या भाषेच्या मुली आहेत हे आता सगळ्यांना माहीत आहे, कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या सारखेपणाबद्दल ते प्रसिद्ध भाषण केलं आणि पुढच्या शतकात त्याचं शास्त्र झालं. त्या शास्त्रात विगेरे आणि विगिलसाठी जे मूळ मांडलं जातं ते साधारण ‘वेग्’ असं, अर्थ जोमदार असणं, चैतन्यात असणं. हे मूळ कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, मुलींच्या चेहऱ्यावरून आईचा चेहरा काढावा तसं ते काढलेलं आहे.

आता एक किल्ली देते. या जुन्या भाषेतला एक विशिष्ट ‘ग’ होता, टाळूकडे झुकणारा. तो लॅटिनमध्ये ग राहिला, संस्कृतमध्ये त्याचा ज झाला, आणि इंग्रजी ज्या जर्मॅनिक घराण्यातली आहे तिथे त्याचा क झाला. ग-ज-क. विश्वास बसत नसेल तर जोड्या लावून बघा. संस्कृत जानु म्हणजे गुडघा, लॅटिन गेनु, इंग्रजी नी, ज्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा के अजून बसलेला आहे, पूर्वी तो म्हणायचे सुद्धा. संस्कृत ज्ञा, आपलं जाणणं, आणि इंग्रजी नो, पुन्हा तोच मुका के. संस्कृत जन, लॅटिन गेनुस, इंग्रजी किन म्हणजे नातलग. संस्कृत अज्र म्हणजे शेत, लॅटिन अगेर, इंग्रजी एकर. जर्मॅनिक भाषांमधला हा बदल याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नीट नियमात बांधला, त्याच्या आधी १८१८ मध्ये रास्मुस रास्कनेही तो दाखवला होता.

ही किल्ली आता आपल्या शब्दाला लावायची. लॅटिनमध्ये ग आहे, तर इंग्रजीच्या स्वतःच्या, उसन्या न घेतलेल्या शब्दात क हवा. आहे ना! ‘वेक’, जागं होणं. ‘अवेक’. ‘वॉच’, म्हणजे पहारा, आणि मग मनगटावरचं घड्याळ. ‘वेट’ सुद्धा याच कुळातला मानतात, तो जर्मॅनिकमधून फ्रेंचमध्ये जाऊन परत इंग्रजीत आला, पूर्वी त्याचा अर्थ टपून पाहणं, पहाऱ्यावर असणं असा होता, नुसतं ताटकळणं नंतर आलं. म्हणजे इंग्रज माणूस ‘वेक’ म्हणतो तेव्हा आणि ‘व्हिगरस’ म्हणतो तेव्हा एकाच मुळाची दोन टोकं बोलत असतो, एक घरचं आणि एक लॅटिनकडून आलेलं.

आणि संस्कृतमध्ये ज हवा. तर तिथे आहे ‘वाज’. वेदांमध्ये हा शब्द कितीदा येतो, अर्थ जोम, बळ, शर्यतीत जिंकलेलं बक्षीस. ज्याच्यात वाज आहे तो वाजी, म्हणजे घोडा. वाजपेय यज्ञातला वाज तोच, आयुर्वेदातल्या वाजीकरणातला वाजी तोच. आणि इंद्राचं ‘वज्र’ हेही बरेच अभ्यासक याच मुळाशी जोडतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बसून होते, की ज्या शब्दाचं मराठी करायला मी धडपडत होते त्याची चुलत भावंडं आपल्या भाषेत इतकी वर्षं राहतायत.

पण सावध राहा, दिसण्यावर जाऊ नका. आपलं ‘वाजणं’ या वाजाचं नाही, ते वाद्य-वादन यांच्या धातूवरून प्राकृतमधून आलं. आपला ‘वेग’ दिसायला त्या जुन्या मुळासारखाच आहे पण तो संस्कृत विज् वरून, जिथून उद्वेग आणि आवेग येतात. आणि ‘ओज’, अर्थाने कितीही जवळचा वाटला तरी तो वेगळ्या कुळातला, त्याची लॅटिन भावंडं म्हणजे वाढवणे या अर्थाचे ऑगमेंट, ऑक्शन, आणि गंमत म्हणजे ऑगस्टस सुद्धा.

या कुळातला सगळ्यात अनपेक्षित शब्द म्हणजे ‘व्हेजिटेबल’. लॅटिन ‘वेगेतुस’ म्हणजे चैतन्यमय, ताजा, त्यावरून वाढीला लावणे या अर्थाचं क्रियापद, आणि त्यावरून जे वाढू शकतं, ज्यात जीव आहे, ते व्हेजिटेबल. आधी अर्थ ‘सजीव, वाढणारं’ एवढाच होता, मग वनस्पती, मग भाजी. आज इंग्रजीत ‘व्हेजिटेट’ म्हणजे काही न करता पडून राहणं. शब्द इतका उलटा फिरू शकतो.

पायरी ५: ज्यांच्याशी गोंधळ होतो ते शब्द

पहिला गोंधळ ‘व्हायटल’, ‘व्हिव्हिड’, ‘व्हिव्हेशस’ यांच्याशी, कारण सुरुवात सारखी आणि अर्थही जिवंतपणाचाच. पण हे सगळे लॅटिन ‘विवेरे’, जगणे, याच्या कुळातले, आणि त्यांचं आपल्याकडचं भावंड म्हणजे जीव, जिवंत, जीवन. तिकडे जिवंत असणं, इकडे जागं असणं. व्हायटल म्हणजे ज्यावाचून जीव राहणार नाही असं, त्यात जोम असेलच असं नाही.

दुसरा गोंधळ ‘रिगरस’ शी, आणि माझा ‘कठोर’ तिथूनच आला असणार. हे दोन शब्द जुळ्यासारखे घडलेत, विगेरे-विगोर तसं रिगेरे-रिगोर, पण रिगेरे म्हणजे ताठ होणं, आखडणं. मेल्यानंतर शरीर ताठरतं त्याला ‘रिगर मॉर्टिस’ म्हणतात. तेव्हा रिगरस ट्रेनिंग म्हणजे काटेकोर, जराही ढील नाही असं, आणि व्हिगरस ट्रेनिंग म्हणजे जोमाचं, अंग मोकळं करणारं. एका अक्षराच्या फरकाने एक मेलेल्या शरीराकडे जातो आणि एक जागलेल्या.

‘रोबस्ट’ हा लॅटिन ‘रोबुर’ वरून, म्हणजे ओकचं झाड, त्याचं टणक लाकूड. त्यामुळे रोबस्टमध्ये टिकाऊपणा, धक्के सोसण्याची ताकद. सॉफ्टवेअर रोबस्ट असतं, व्हिगरस नसतं. ‘एनर्जेटिक’ ग्रीक, एर्गोन म्हणजे काम, जे कामात आहे ते, आणि हा माणसाच्या स्वभावाबद्दल जास्त बोलतो. ‘स्ट्रेन्युअस’ मध्ये दमणूक पुढे असते, करणाऱ्याला ते जड जातं. चढ स्ट्रेन्युअस असतो, चढणारा व्हिगरस असतो. ‘स्ट्राँग’ तर पार जुना, जर्मॅनिक, ‘स्ट्रिंग’ चा नातेवाईक, ताणून घट्ट केलेलं.

पायरी ६: कुठल्या क्षेत्रात नेमका काय अर्थ

काही ठिकाणी हा शब्द ढोबळ नाही, त्याला ठरलेलं माप आहे, आणि भाषांतर करणाऱ्याने हे माहीत करून घेतलंच पाहिजे.

व्यायामाच्या बाबतीत. शांत बसलेल्या माणसाचं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्याला एक ‘मेट’ म्हणतात. ३ ते ६ मेटच्या मधली हालचाल मध्यम, ६ आणि त्याच्या वरची व्हिगरस. भरभर चालणं मध्यम, पळणं व्हिगरस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं व्हिगरस हालचाल सांगितली आहे, म्हणजे जोमाचं एक मिनिट साध्याच्या दोन मिनिटांबरोबर धरतात. मशीन नसेल तर बोलून बघायचं. मध्यम व्यायामात बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. व्हिगरसमध्ये चार शब्द बोलले की श्वास घ्यायला थांबावंच लागतं. हे वाचलं आणि मी माझं भाषांतर पुसून ‘दम लागेल असा व्यायाम’ लिहिलं, आणि ते बसलं.

शेतीशास्त्रात ‘सीड व्हिगर’ म्हणजे बियाण्याचा जोम, आणि तो उगवणशक्तीपेक्षा वेगळा. उगवणशक्ती सोयीच्या परिस्थितीत किती बिया कोंब धरतात ते सांगते. जोम सांगतो की जमीन थंड असली, कडक असली, ओल कमी-जास्त असली तरी किती बिया तग धरून एकसारख्या वर येतील. दोन पोत्यांची उगवणशक्ती अगदी सारखी असू शकते आणि जोमात मोठा फरक. म्हणून बियाणं मुद्दाम उष्ण आणि दमट हवेत काही काळ ठेवून, त्याला अकाली म्हातारं करून, मग पेरून बघायची चाचणी असते. ‘हायब्रिड व्हिगर’ म्हणजे संकरातून आलेला जोम, दोन वेगळ्या वाणांची संतती दोघांपेक्षाही चांगली वाढते तो. १९१४ मध्ये जॉर्ज शुल यांनी त्याला हेटरोसिस हे नाव दिलं, पण तोंडी अजून व्हिगरच चालतो.

संगीताच्या नोटेशनमध्ये ‘व्हिगोरोसो’ असं इटालियन रूप दिसतं, म्हणजे तो भाग जोमदारपणे वाजवायचा. मोठ्याने वाजवण्यासाठी वेगळी खूण असते, ती आणि ही एक नव्हे.

कोर्टाच्या बातम्यांत ‘व्हिगरसली डिफेंड’, ‘व्हिगरसली डिनाय’ हे ठरीव जोड आहेत, पहिल्यात हिरीरीने बाजू लढवली, दुसऱ्यात साफ इन्कार केला.

पायरी ७: मराठीत आणताना

आपण सगळीकडे ‘जोरदार’ टाकून मोकळे होतो आणि वाक्य बेचव होतं. मला जे लक्षात आलं ते असं, की इंग्रजी एका विशेषणाने जे काम भागवते ते मराठी बरेचदा आवाजाच्या शब्दांनी करते, प्रत्येक क्रियेचा जोम वेगळा ऐकते. व्हिगरसली बॉईल, तर पाणी खळखळ उकळू द्या. व्हिगरसली रब, तर खसाखसा चोळा. व्हिगरसली शेक, बाटली असेल तर खळाखळा हलवा. कुत्रा अंग व्हिगरसली झटकतो तेव्हा तो फडाफड झटकतो. पाऊल टाकत निघाला असेल तर झपाझप. यातल्या प्रत्येक शब्दात तो इंग्रजी शब्द पूर्ण आहे, आणि वर ‘जोरात’ लिहायची गरजच उरत नाही.

माणसाबद्दल असेल तर वय बघायचं. तरुण कार्यकर्ता तडफदार, नेता धडाडीचा, ऐंशीच्या घरातली बाई व्हिगरस असेल तर ठणठणीत किंवा खुटखुटीत. लिहिण्याच्या शैलीला जोरकस. वेलीला फोफावलेली. चर्चेला हिरीरीची. आणि ‘जोशपूर्ण’ जपून वापरा, जोश हा फारसी शब्द मुळात उकळीचा आहे, त्यात भावना वर येते, भाषणाला तो शोभतो पण रोपाला नाही.

उलट बाजूने, मराठीतून इंग्रजीत जाताना एक साधी युक्ती. मराठी वाक्यात ‘जोमाने’ घालून बघा. वाक्य उभं राहिलं तर व्हिगरसली बिनधास्त लिहा. वाक्य ‘घट्ट’, ‘पक्का’ किंवा ‘मजबूत’ मागत असेल तर स्ट्राँग किंवा रोबस्टकडे जा, ‘काटेकोर’ मागत असेल तर रिगरस, ‘दमवणारा’ मागत असेल तर स्ट्रेन्युअस.

आता सरावाला एक शब्दजोडी देते, स्वतः करून बघा. नवजात बाळांच्या उपचारांत डॉक्टर ‘व्हिगरस बेबी’ असा शब्द वापरतात आणि त्यालाही माप ठरलेलं आहे, बाळ चांगला दमदार श्वास घेतंय, हातापायांच्या स्नायूंना नीट ताण आहे, ढिले पडलेले नाहीत, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर आहेत. जन्मून काही सेकंदच झालेत आणि त्या खोलीत सगळे एवढंच बघतायत. ‘बलवान बाळ’ लिहाल तर चूक, ‘उत्साही बाळ’ तर त्याहून चूक. मी यावर बराच वेळ घालवला, आधी ‘जोमदार बाळ’ लिहिलं, ते माहितीपत्रकात चालून गेलं असतं, पण शेवटी आईला वाचायला द्यायच्या पानावर मी लिहिलं, ‘बाळ रडतंय, हातपाय झाडतंय, छान जागं आहे.’